दोन घटांचा साक्षीदार

जगात पोटासाठी खोटं बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. पण पोट गच्च भरलेलं असताना आपण सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतलेला नाही, असं आक्काच्या चुलत सासऱ्यांइतक्या निष्ठेनं सांगणारा माणूस निजाम सरकारच्या साऱ्या मुलखात दुसरा झाला नसेल. त्या मुलखाचा मी फार थोडा भाग पाहिला आहे. शिकायला औरंगाबादेला होतो, पुढं धारूरच्या सरकारी शाळेत मास्तरकी केली, आणि सुट्टी मिळाली की पाटोद्याच्या डोंगरपट्टीत आक्काच्या सासरी जायचो. तेवढ्याशा अनुभवावर एवढं मोठं विधान करू नये, हे मला कळतं. पण या एका बाबतीत पुस्तकी सावधपणा बाजूला ठेवायला मी तयार आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. हे तिच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. सारं गाव त्यांना नुसतं ‘काका’ म्हणायचं, म्हणून मीही काका म्हणायचो. बायको फार लवकर गेलेली, मूलबाळ नाही, थोडीशी मुरमाड जमीन बटाईनं दिलेली. घरात चूल होती, पण तिच्यात मांजर निजायचं. अंगानं इतके वाळके की बाराबंदी दोरीवर वाळत घातल्यासारखी त्यांच्या अंगावर हलायची. खाल्लेलं अन्न जातं कुठं, हा गावातल्या बायकांचा कायमचा प्रश्न होता. एकीनं तो तोंडावर विचारला, तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले, “बाई, नदीत किती बी पाऊस पडू दे, नदी कुटं लठ्ठ होती का?”

सकाळी ते मारुतीच्या पारावर बसत आणि गावावरून नजर फिरवत. लोकांना वाटे, म्हातारा जप करतोय. खरं म्हणजे ते धूर वाचत असत. तुराट्यांचा धूर भसकन वर गेला म्हणजे भाकरीचा तवा चढला; गवऱ्यांचा धूर बराच वेळ एकाच जागी रेंगाळला म्हणजे पुरण शिजतंय; आणि पाटलाच्या घरावर धूरच नसला तर पाटलीणबाई रुसल्या आहेत, तिकडं फिरकू नये. एवढा अभ्यास झाला की ते उठत. कुणाकडं ते जेवायला म्हणून कधीच जात नसत. चुना मागायला जात. आजारी वासरू पाहायला जात. एकदा तर एका घरी ‘तुमचा उंबरा वाकडा बसल्यासारखा दिसतोय’ एवढंच सांगायला गेले आणि धपाटे, दही, वर शेंगदाण्याची चटणी असं सगळं होईपर्यंत त्या उंबऱ्याकडं पाहत बसले. घरधनिणीनं “काका, जेवलात का?” म्हणून विचारलं की चेहरा असा उतरायचा की दगडाला पाझर फुटावा. “सकाळपून तोंडात पान्याचा थेंब न्हाई बघ,” ते म्हणत, आणि त्याच वेळी मागच्या घरची आमटी मिशीला लागलेली असे. बाई ती मिशी पाहून पदराआड हसे आणि ताट वाढे. कुणी त्यांना मिशी पुसायला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण त्यांचेही नेम होते, आणि ते फार कडक होते. बांधून दिलेली भाकरी त्यांनी कधी घरी नेली नाही. “बांधून न्यायला मी काय वाटसरू हाय?” असं म्हणत. जेवायचं ते त्या घरच्या जमिनीवर बसून, त्या घरच्या माणसांच्या तोंडाकडं पाहत. ताटात काही टाकायचं नाही, आणि स्वयंपाकाला नाव ठेवायचं नाही. मीठ जास्त झालं तर “आज सूनबाईचा हात मोठा हाय,” कमी झालं तर “आज हात राखून हाय,” एवढंच. आक्का लग्न होऊन त्या घरी गेली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती. आमच्या घरी मला पुस्तकांनी बिघडवलं आणि तिला लाडानं. पहिल्याच दिवशी तिच्या भाकरी तव्यावर फुटल्या. सासू कपाळाला आठ्या घालून उभी, थोरली जाऊ तोंड फिरवून हसतेय, आणि आक्काच्या डोळ्यांतलं पाणी पिठात पडतंय. तेवढ्यात काका आले, पाटावर बसले, सारे तुकडे गोळा करून खाल्ले आणि आणखी मागितले. “लई बेस. मोडायचं काम पोरीनं आधीच करून ठिवलंय. म्हाताऱ्याच्या दाताची एवढी काळजी या घरात आजवर कुनी घेतली नव्हती.” ही गोष्ट मी आक्काच्याच तोंडून ऐकली.

आक्काचे यजमान, आमचे दाजी, हे घरातले धाकटे. त्यांचे वडील बंधू म्हणजे आक्काचे थोरले दीर. काका या दोघा पुतण्यांना ‘थोरल्या’ आणि ‘धाकल्या’ अशाच नावांनी हाक मारायचे, आणि पुढं पुढं गावही त्यांना तसंच ओळखायला लागलं. सासरे वारल्यावर भावाभावांनी भांडण न करता वाटण्या केल्या. कागद झाला नाही. गावातली दोन शहाणी माणसं शेताच्या मधे उभी राहिली, बांध घातला गेला, भांडीकुंडी, बैल वेगळे झाले आणि चुली दोन झाल्या. सरकारी दप्तरात पट्टा होता तसा थोरल्यांच्याच नावावर राहिला. आपल्या बाजूला सगळीकडं असंच चालायचं. भाऊ जिवंत असेपर्यंत नाव कुणाचं आहे याला काय महत्त्व?

एक गोष्ट मात्र त्यांनी रीतसर केली. देव वेगळे केले. त्यांच्या घराण्यात नवरात्राचा घट बसतो, आणि घट उठायच्या दिवशी पहिलं पान वाढलं जातं ते देवीच्या नावानं. त्या पानावर भाऊकीतल्या वडीलधाऱ्या पुरुषानं बसायचं असतं, आणि त्यानं सकाळपासून तोंडात काही घातलेलं चालत नाही. तो जेवला की मग घर जेवतं. एकत्र घराचा घट एकच. घर विभक्त झालं की धाकट्यानं आपला घट वेगळा बसवायचा. गावात राहणारे भाऊकीतले वडीलधारे एकटे काकाच. म्हणून दोन्ही घरचं पहिलं पान त्यांचं. एकाच दिवशी, दोनदा, आणि दोन्ही वेळा उपाशी! देवीनं हा माणूस खास याच कामासाठी घडवला होता, असं दाजी म्हणायचे आणि स्वतःच हसून लोटपोट व्हायचे.

दाजी पावसाळ्याच्या अखेरीस तापानं गेले. मला निरोप पोचून मी धारूरहून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांच्याबद्दल मी इथं फार लिहिणार नाही. लिहायला बसलो की अजूनही दौत कोरडी पडेपर्यंत नुसता बसून राहतो. मोठ्यानं हसणारा माणूस गेला की घर नुसतं शांत होत नाही, ते बहिरं होतं. आक्का आणि तिची लहान मुलगी एवढीच दोघं त्या घरात उरली.

तेरावा झाला आणि थोरल्यांनी चावडीवर सांगितलं की आमचं घर एकत्रच होतं; चूल वेगळी होती ती बायकांचं पटत नव्हतं म्हणून. आता धाकला गेला, तेव्हा जमीन थोरल्याकडं. भावजयीला अन्नवस्त्र देऊ, पोरीचं लग्न करून देऊ, कुणी काळजी करू नये. थोरले दुष्ट नव्हते, हे इथंच लिहून ठेवतो. त्यांचं म्हणणं ते मला डोळ्यांत पाणी आणून सांगत. “मास्तर, तुमी शिकल्याले हाव. पोरगी उद्या लगीन होऊन जाईल. आमच्या बापाची जमीन जावयाच्या दावणीला बांधू का? तुमीच सांगा.” कायदा असा होता की नवरा भावापासून विभक्त असेल तर त्याच्या वाटणीवर विधवेचं नाव लागतं, एकत्र असेल तर सगळं भावाकडं जातं आणि विधवेला दोन वेळची भाकरी मिळते. म्हणजे आक्काचं पुढचं सारं आयुष्य एकाच प्रश्नावर टांगलं होतं: दोघं भाऊ विभक्त होते की एकत्र?

मी आक्काच्या वतीनं उर्दूत दरखास्त लिहिली. अक्षर चांगलं आलं, पण नुसत्या अक्षरावर जमीन मिळत नाही; साक्षीदार पाहिजे होता. वाटणीच्या वेळी बांधावर उभे राहिलेले दोघे शहाणे. त्यांतला एक वारला होता आणि दुसऱ्याला काहीच आठवेनासं झालं होतं. गावकऱ्यांना विचारलं तर जो तो बैलाला पाणी दाखवायला निघून जाई. भाऊबंदकीत पडायचं कुणी? आणि थोरल्यांशी वैर घ्यायचं कशासाठी? राहिले एक काका.

आता काकांची अडचण लक्षात घ्या. थोरल्यांच्या घरचा स्वयंपाक म्हणजे साऱ्या गावात पहिला. थोरली जाऊ स्वभावानं कडू, पण तिच्या हातची येळवणीची आमटी पिऊन माणूस तिला आई म्हणेल. आणि आक्काच्या घरी त्या दिवसांत भाकरी, चटणी आणि सुतक. थोरल्यांनी काकांना पाटावर बसवून, तूप वाढून सांगितलं, “काका, आमच्याकडचं तुमचं पान जल्माचं हाय. तुमाला तहसिलीत जायाची काय गरज? घर एकच होतं, एवढं सांगून मोकळं व्हा.” ही गोष्ट मला त्याच घरच्या गड्यानं सांगितली. पुढचंही त्यानंच सांगितलं. काकांनी ताटातल्या पोळीकडं पाहिलं, तुपाकडं पाहिलं, आणि भरल्या ताटावरून उठून हात न धुता चालू लागले. ताट भरलेलंच राहिलं. थोरली जाऊ घाबरून म्हणाली, “अगं बाई, म्हाताऱ्याला वैद्य दाखवा!”

ते थेट आक्काकडं आले आणि मला म्हणाले, “मास्तर, काय बोलायचं ते शिकवा.”

मी दोन दिवस शिकवलं. “काका, तुम्ही एवढंच सांगा, दोघे भाऊ विभक्त होते.”

“इभक्त.”

“विभक्त. वाटण्या झालेल्या.”

“वाटणीच्या वक्ताला मी कुटं व्हतो? मी तवा परळीकडं लग्नाला गेलतो. दोन्ही पंक्तीला जेवलो, वऱ्हाडाकडून बी आन् मुलीकडून बी. त्यात चार दिस गेले. आलो तर मधी बांध.”

“मग बांध पाहिलात ना? तेच सांगा.”

“बांध तर जनावरं बी बघत्यात. मास्तर, कावून माझ्या तोंडात परका घास घालता? जे म्या खाल्लं न्हाई त्याची चव मला सांगता यायची न्हाई. मी माझंच सांगन.”

आक्का दाराआडून म्हणाली, “राहू दे रे. त्यांना जे येतं तेच बोलू दे.” मी शिकवणी थांबवली. त्या दिवसानंतर साक्षीदाराला शिकवण्याच्या फंदात मी पडलो नाही.

पाटोद्याच्या तहसिलीत विरासतीची, म्हणजे वारसाची, चौकशी लागली. तहसीलदार साहेब उर्दू बोलणारे होते. मराठी त्यांना समजायचं, पण बोलायचे ते पेशकाराच्या, म्हणजे कचेरीतल्या कारकुनाच्या, तोंडून. काकांनी त्या दिवशी धुतलेला रुमाल बांधला होता आणि कचेरीत शिरल्या शिरल्या हवेचा वास घेऊन माझ्या कानात सांगितलं होतं की साहेबांच्या घरी आज मटण आहे. मला धीर सोडावासा वाटला.

आधी थोरल्यांचा जबाब झाला. घर एकच, चुली दोन, बायकांची कटकट. पेशकारानं विचारलं, “कुळाचार? देवकार्य?” थोरले ठामपणे म्हणाले, “एकच. बापाच्या वेळेपून घट माझ्याच घरात बसतो.” साहेबांनी मान डोलावली. नुसती चूल वेगळी असली म्हणून घर वेगळं होत नाही, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं.

मग काका. हलफ, म्हणजे शपथ, झाली. पेशकार म्हणाला, “बोला, चूल एक होती की दोन?”

“दोन, सरकार. दोन्हीवर जेवलोय.”

“ते लिहिलं. देव एक की दोन?”

काका म्हणाले, “थोरल्या बराबर बोलतोय. त्याच्या घरात घट बसतो.” “आन् घट उठायच्या दिवशी पैलं पान मीच खातो. पर सरकार, आता देवाची शपथ घातलीया म्हनून सांगतो, माझ्या हातनं एक गुन्हा झालाय. त्या पानावर उपाशी बसायचं आसतं. मी खाऊन बसायचो.”

थोरल्यांनी मान झटकन वळवली. “काय म्हनलात?”

“खाऊन बसायचो, थोरल्या. सकाळच्यालाच धाकल्याच्या घरी पान व्हायचं. तितं पोट भरायचं आन् मग तुझ्या पाटावर यायचो. उपाशी म्हनून.”

थोरले फार देवभोळे होते. तोंडाला फेस यायचा तेवढा बाकी राहिला. “आवो काका! देवीच्या पानावर? खरकट्या तोंडानं?”

“व्हय बाबा.”

“खोटं! साफ खोटं!” थोरले ओरडले. “धाकल्याचा घट माझ्या आधी उठंलच कसा? वाटण्या झाल्या तवाच ठरलंतं, आधी थोरल्या घरचा घट उठनार, मग धाकल्याचा! आमचं पान झाल्याचा सांगावा गेल्याबिगर त्यो घटाला हात लावायचा न्हाई! इचारा साऱ्या गावाला!”

साहेबांनी पेशकाराकडं पाहिलं आणि अगदी सावकाश, स्वतःच, विचारलं, “तकसीम हो चुकी थी?” वाटणी झाली होती, होय ना? पेशकारानं त्याचं मराठी केलं, पण गरज नव्हती. थोरले खाली बसले आणि मान हलवत म्हणाले, “व्हय सरकार. झालती.” आणि मग, जमीन गेली हे विसरून, काकांकडं वळून रडवेल्या आवाजात, “पर काका, पानाचं खरं सांगा हो. म्हनूनच माझा बैल मेला का?”

आक्काचं नाव तिच्या वाटणीला लागलं. हुकूम हातात आला त्या दिवशी ती देवापुढं बराच वेळ बसली आणि मग एकाएकी हसायला लागली. दाजी गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली, म्हणून मी घाबरून जवळ गेलो. ती म्हणाली, “अरे, थोरल्यांच्या घरी ते कधीच खाऊन गेले नाहीत. उपाशीच जायचे. दुपार व्हायची, जीव कासावीस व्हायचा, पण त्या पानाला ते चुकले नाहीत. खाऊन यायचे ते आमच्याकडं. आम्हाला सगळं ठाऊक होतं. हे वाढताना माझ्याकडं बघून डोळे मिचकावायचे.”

मी काकांना गाठलं आणि विचारलं, “तुम्ही शपथेवर खोटं बोललात?”

काका पारावर बसून धूर पाहत होते. “खाऊन बसलो हे खरं हाय का न्हाई?”

“पण घर दुसरं.”

“तेवढी उलटापालट झाली बगा मास्तर. म्हातारा मानूस हाय, दोन घरं, एक दिस. गोंधळ व्हतो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “देवीचं मी बघतो. तुमी ध्यान देऊ नका.”

देवीचं त्यांनी कसं पाहिलं, हे साऱ्या गावानं पाहिलं. पुढं आलेल्या नवरात्रात काकांनी उपास धरला. घट बसल्यापासून उठेपर्यंत, सगळे दिवस. गावात ही बातमी पसरली तेव्हा बायका कामं टाकून देवळात त्यांना पाहायला आल्या. देवीसमोर ते भिंतीला टेकून बसलेले असत आणि डोळे मिटून सांगत, “पाटलाकडं आज कढी केलीया. ताक जरा आंबट हाय,” किंवा “सुताराच्या घरी फोडणी जळाली, कुनीतरी जाऊन सांगा रे.” अंगात काही उरलं नव्हतं, पण नाक पहिल्यासारखंच होतं. दूध घ्या, फळ घ्या, उपासाला चालतं, असं पुजाऱ्यानं सांगितलं, तेव्हा काका म्हणाले, “तसला उपास तर मी रोजच करतो.”

थोरल्यांना वाटलं, हे प्रायश्चित्त आपल्या घरच्या पानाचं चाललंय. त्यांनी काकांना घरात यायची बंदी केली होती, पण घट उठायच्या दिवशी ते स्वतः देवळात आले, काकांना हाताला धरून उठवलं आणि म्हणाले, “चला, पान वाढलंय.” काकांनी विचारलं, “आधी कुटं?” थोरल्यांनी भोवती जमलेल्या माणसांकडं पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, “आधी आमच्याकडं. मग धाकल्याच्या घरी.” सरकारी हुकुमानं जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं. दुसऱ्या दिवसापासून गावातली माणसं आक्काला बांधावरून हाक मारू लागली, तिच्या शेताला तिचं शेत म्हणू लागली.

काका या वर्षी उन्हाळ्यात गेले. त्यांना आजार असा काही झाला नाही. कुणाच्या तरी घरी जेवून, “लई बेस झालं,” म्हणून ते भिंतीला टेकले आणि तसेच राहिले. ज्या घरी हे झालं त्या घरच्या बाईला मी भेटायला गेलो, तेव्हा ती भेदरून पुन्हा पुन्हा सांगत होती, “मास्तर, पोटभर जेवले हो ते, खरंच पोटभर जेवले.” मी तिला म्हटलं, मग त्यांची काही तक्रार नसेल. घरी येऊन लिहायला बसलो ते हे. फार हळू लिहून झालं. एखाद्या माणसाला आपण किती वेळा हसलो होतो हे आठवायला लागलं, की मधेच थांबावं लागतं.

नवरात्र आलं. आक्कानं नेहमीसारखा घट बसवला, पण पहिल्या पानाला कोण बसणार, हे तिला सुचेना. भाऊकीतला वडीलधारा पुरुष पाहिजे, आणि काकांच्या पश्चात गावात तसे एकच गृहस्थ उरले होते. त्यांना बोलवायचं कसं? घट उठायच्या दिवशी थोरल्यांच्या घरच्या पानावर शेजारच्या गावचे एक म्हातारे भाऊबंद येऊन बसले. तिकडचं पान झाल्याचा सांगावा आला. आक्का पान वाढून दाराशी उभी राहिली आणि मी ओट्यावर बसलो.

थोरले आले. पायांत वहाणा नव्हत्या, ओठ सुकून पांढरे झाले होते. आपल्या घरी साऱ्यांच्या पंक्ती उठल्या तरी त्यांनी तोंडात काही घातलेलं नव्हतं, हे विचारायची गरज नव्हती. ते पाटावर बसले, पानाभोवती पाणी फिरवलं आणि हात जोडले. आक्कानं वाढलं ते त्यांनी नको न म्हणता खाल्लं.

जेवण झाल्यावर ते ओट्यावर माझ्याजवळ येऊन टेकले. आमच्याकडं थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाही. बोलायचं ते तिसऱ्याला सांगून. समोर, गावाच्या पलीकडं, शेतं ओलीकाळी दिसत होती. वाफसा आला होता. थोरले तिकडं पाहत म्हणाले, “मास्तर, तुमच्या बहिनीला इचारा. डोंगराकडल्या पट्टीत औंदा काय पेरायचं म्हनती? पेरायला माझी पाभर उद्या रिकामी हाय.”

मी विचारायला तोंड उघडलं, तोवर दाराआडून आक्काचा आवाज आला. “शाळू पेरायचाय म्हणावं. आणि कडेनं करडईचं एक तास.”

थोरल्यांनी मान डोलावली. “बराबर हाय,” ते स्वतःशीच म्हणाले, “त्या रानाला शाळूच मानवतो,” आणि उठून बियाणं बघायला आत, कणगीकडं गेले.